आत्याचा सदतीस

आजोबा गेले त्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. कुणीतरी रीतीप्रमाणे विचारलं, "वय काय होतं म्हाताऱ्याचं?" बाबा म्हणाले, "चौऱ्याहत्तर." तेवढ्यात पडवीत भिंतीला टेकून बसलेली इंदू आत्या, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, पदराने नाक पुसून म्हणाली, "म्हणजे दोन सदतीस. पुरते."

आई हळूच म्हणाली, "वन्सं, आज तरी."

"आज तरी काय? अर्धवट गेले नाहीत, एवढंच म्हटलं मी," आत्या म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. रडणं खरं होतं. दोन सदतीसही खरे होते. एकाच माणसाला एकाच वेळी हे दोन्ही कसं जमतं, ते मला समजेना. मी तेव्हा आठ वर्षांची होते, आणि आत्यामुळे बसलेला तो मला आठवणारा पहिला धक्का.

इंदू आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुरबाडच्या आतल्या बाजूच्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. मुरबाडात दोन खोल्या घेऊन एकटी राहायची आणि महिन्यातून एखाद्या रविवारी किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने आमच्याकडे शहापूरला यायची. उंच, काटकुळी, हातात बारा महिने पुरुषी काळी छत्री. आली की चप्पल काढायच्या आधी मला म्हणायची, "एक आकडा धर मनात."

मी बुजरी. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी. पण आत्या आतल्या खोलीत यायची.

"धरलास? तोच तीनदा लिही शेजारी शेजारी. आता तिघांची बेरीज कर. त्या बेरजेने मोठ्या आकड्याला भाग."

मी चार धरला होता. चारशे चव्वेचाळीस. बेरीज बारा. भागलं. सदतीस आले.

"दुसरा धर."

सात धरला. सातशे सत्त्याहत्तर, बेरीज एकवीस, भागाकार सदतीस. नऊ धरला. सदतीस. ती गेल्यावर मी बाबांचा कॅल्क्युलेटर घेऊन पलंगाखाली शिरले आणि एकपासून नऊपर्यंत सगळे करून बघितले. प्रत्येक वेळी त्या छोट्या खिडकीत तेच दोन आकडे येऊन उभे राहिले. मला भीती वाटली. आपण काहीही मनात धरलं तरी पलीकडे आत्याच बसलेली आहे, असं काहीतरी.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सदतीस म्हटलं की मला आधी डोक्यात त्याचं थर्टी सेव्हन करावं लागायचं, आणि घाईत मी सदुसष्ट करायचे. आत्याला हे सहन होत नसे. एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की थर्टी सेव्हन इज अ प्राइम नंबर.

"प्राइम म्हणजे?"

"त्याला कशानेच भाग जात नाही."

"मग मूळ संख्या म्हण. झाडाला मूळ असतं, तसं. खाली आणखी काही नाही, वर सगळं." आणि जरा थांबून म्हणाली, "एकाने जातो आणि स्वतःने जातो. तेवढं पुरतं."

तिचं आवडतं वाक्य होतं, "भाग घालून बघ." हे ती कशालाही म्हणायची. आईने नवी साडी दाखवली की, "बरी आहे, पण भाग घालून बघ, वर्षाला किती वेळा नेसशील." बाबांच्या साहेबाबद्दल तक्रार ऐकली की, "त्याला भाग घालून बघ, बाकी काय राहते." शेजारच्या काकूंचा ताप उतरेना, तर आत्याने छत्रीच्या दांड्याला अडकवलेल्या पिशवीतून स्वतःचा थर्मामीटर काढला. तो सेल्सियसचा होता, कल्याणहून मुद्दाम आणलेला. डॉक्टरांनी विचारलं, "किती आहे?" आत्या म्हणाली, "दोन वर."

"कशाच्या वर दोन?"

"सदतीसच्या. निरोगी माणसाचं अंग सदतीस असतं. अंगाला कळतं, तुमच्या फॅरनहाइटला कळत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

रस्त्याने तिच्याबरोबर चालणं ही शिक्षा होती. मुरबाडच्या नाक्यावर, भर बाजारात, ती जीपच्या नंबरप्लेटवर छत्री टेकवून मोठ्याने सांगायची, "बघ, शेवटचे तीन. एकशे अठ्ठेचाळीस. सदतीस चोक. आता पुढचा एक उचलून मागं ठेव. चारशे एक्याऐंशी. त्यालाही सदतीसचा भाग जातो. परत पुढचा उचलून मागं ठेव. आठशे चौदा. त्यालाही जातो. कितीही फिरव, तो धरून ठेवतो." जीपवाला आत बसून विडी ओढत ऐकायचा. तो म्हणायचा, "बाई, छत्री काडा, रंग जाईल." मला वाटायचं जमीन दुभंगावी.

तिचं लग्न का झालं नाही, याची घरातली हकीगत अशी. मुलगा पाहायला आला होता, पाटबंधारे खात्यातला, चांगला. चहा झाला. मोठी माणसं म्हणाली, तुम्हा दोघांना काही बोलायचं तर बोला. आत्या म्हणाली, "एक आकडा धरा." मुलगा म्हणाला, "दहा." आत्या म्हणाली, "एक आकडी." मुलगा हसून म्हणाला, "मग शून्य." आत्याने त्याच्या पुढ्यातला कप उचलला आणि आत निघून गेली. आजी मागोमाग गेली तर आत्या मोरीत कप विसळत होती. "शून्याला शून्याने भागायला सांगतोय," ती म्हणाली, "असल्या माणसाबरोबर आयुष्य कुठं संपायचं तेच कळणार नाही."

ही हकीगत बाबा हसत सांगायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, "वन्सं चतुर आहेत. कारण सांगायचं नसलं की गणित सांगतात."

मी एस. वाय.ला असताना आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कल्याणला. माझी परीक्षा संपली होती, म्हणून तिच्या सोबतीला मला धाडण्यात आलं. डोळ्यात थेंब घालायचे, चुलीजवळ तिला जाऊ द्यायचं नाही, स्वयंपाक मी करायचा, आणि तिच्याकडे नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर आले होते ते वाचून दाखवायचे.

परतताना आम्ही कल्याणहून जीप धरली. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आम्ही मधल्या सीटवर बराच वेळ उकडत बसलो. आत्याने मोठा काळा चष्मा लावला होता. कडेवर मूल घेतलेली एक बाई चढली, आत्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाई, वळखलं काय? मी सुनंदा. मला नववीला गनितात सदतीस होते."

आत्या म्हणाली, "हो का. छान."

मागच्या सीटवरून आवाज आला, "मला पन सदतीस."

"माझ्या नंदंला पन," तिसरी म्हणाली. "आनि तिच्या पाठच्या बहिनीला."

ड्रायव्हर अजून पानटपरीशी उभा होता. तो खिडकीत वाकून म्हणाला, "आमच्या मंडळीला पन सदतीसच. लगीन ठरताना सासऱ्यानं सांगितलं, पोरगी गनितात पास हाय. पास कसली, भाजीवाला रोज फसवतो तिला."

जीपमधल्या बायका हसल्या. पदर तोंडाला लावून, एकमेकींकडे बघून. ते हसणं मला तेव्हा नीट कळलं नाही. माझ्या मनात फक्त एक भागाकार चालला होता. पाच बायका, पाच वेगवेगळी वर्षं, आणि सगळ्यांना सदतीस? माझे कान तापले. मी आत्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे काहीच दिसेना, पण छत्रीवरची तिची बोटं आवळलेली होती.

पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, मांडीवर ब्रीफकेस. ते सावकाश मागे वळले.

"नमस्कार बाई," ते म्हणाले. "डोळा कसा आहे? उद्या संध्याकाळी येतो घरी, बघायला."

"कोण गं?" आत्याने मला कुजबुजत विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. पण तिने आवाज ओळखला असावा, कारण मुरबाड येईपर्यंत ती पुन्हा बोलली नाही. ते तिच्या शाळेचे नवे हेडसर होते, दिवाळीनंतर बदली होऊन आलेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. घाटावरचे, सभ्य, हळू बोलणारे. मी चहा गाळून बाहेर नेऊन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. असं उभं राहणं मला चांगलं जमतं.

"बाई, मी आज ऑफिसात जुने निकाल काढून बघितले," ते म्हणाले. "दरवर्षी नववीत तीन-चार मुली. सदतीस. मुलगा एकही नाही."

मला वाटलं आत्या आता म्हणेल, एक आकडा धरा. ती म्हणाली, "हो. दिलेत मी."

माझ्या हातातली गाळणी खाली पडली. माझ्या आत्याने, जी माझ्या भागाकारात बाकी एक चुकली तर जेवू द्यायची नाही, तिने खोटे मार्क दिले होते. आणि ते ती दूध उतू गेलं सांगावं तसं सांगत होती.

"कारण?"

"नववीत नापास झाली की इथं पोरीला पुन्हा वर्गात बसवत नाहीत. त्याच उन्हाळ्यात लग्न. पंधराव्या वर्षी. पास झाली तर दहावीत जाते. दहावी बोर्डाची, ती माझ्या हातात नाही. पण मधे एक वर्ष मिळतं."

"कायदा आहे बाई."

"पाठ आहे मला. दोन पोरी कायद्याच्या हवाली करून बघितल्या मी पूर्वी. दोघींची लग्नं मामाच्या गावाला नेऊन लावली."

हेडसरांनी मान हलवली. "बरं. पण पस्तीसला पास होतं. सदतीस कशाला?"

"पस्तीस म्हणजे ढकललेली, हे गाईम्हशींनाही कळतं. सुरवातीला एकीला पस्तीस दिले मी. बाप म्हणाला, बाईंनी दया केली, पोरीत काय नाही. दिलं लग्न लावून. चाळीस दिले तरी तेच, पाचाच्या, दहाच्या पटीतला आकडा दिलेला वाटतो. सदतीस कुणी कुणाला देत नाही. तो मिळवावा लागतो. त्याला कशाचा भाग जात नाही, म्हणून त्यात कुणाचा हात दिसत नाही."

"मग वेगवेगळे द्यायचे होते," हेडसर नकळत म्हणून गेले. "एकोणचाळीस, छत्तीस. सगळ्यांना एकच? तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात."

"म्हणूनच एक," आत्या म्हणाली. "वेगवेगळे दिले तर खरे कुठले आणि खोटे कुठले, मलाच कळणार नाही. माझ्या हातून गेलेला सदतीस खोटा. बाकी सगळे मार्क खरे, अर्ध्या मार्कापर्यंत. खोटं मी एका आकड्यात कोंडून ठेवलंय."

"आणि एखादीला खरोखरच सदतीस पडले तर?"

"तिला अडतीस देते. तेवढं एका मार्काचं पाप माझ्याकडे."

बाहेर चहा गार होत होता. हेडसरांनी तो तसाच प्यायला. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला दोन वर्षं राहिलीत. वर कळवलं तर पेन्शन अडकेल. मी जुनं काही काढत नाही. पण यंदा मला सदतीस दिसता कामा नये. खरा आकडा लिहा. पेपर मी स्वतः बघणार आहे."

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "गाळणी धुऊन घे."

पेपर वाचून दाखवायचं काम चालूच होतं. मी उत्तर वाचायचे, ती डोळे मिटून ऐकायची आणि मार्क सांगायची. आठवडाभरात गठ्ठा संपत आला, आणि वनिता नावाच्या मुलीचा पेपर निघाला. सरळगावच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी. त्रिकोण एकरूप आहेत हे सिद्ध करा, या प्रश्नापुढे तिने आकृती काढली होती आणि खाली लिहिलं होतं, "आकृतीत दिसतच आहे." मी वाचलं. आत्या हसली. "दिसतं खरं. शून्य."

बेरीज एकवीस झाली. मी पेन उघडून बसून राहिले.

"कुठली गं ही, वनिताच ना?" आत्याने विचारलं.

"हो."

"हिचा बाप काळूराम. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, पास झाली तर शिकवू." ती उठून खिडकीशी गेली. एका डोळ्याने बाहेर बघत राहिली. परत येऊन म्हणाली, "एकवीस लिही."

"आत्या, एकेचाळीस लिहिले तर? तीही मूळ संख्याच आहे." हे मी म्हणाले. मी, जिने शाळेत कधी कुणाची पट्टीसुद्धा न विचारता घेतली नव्हती. माझंच मला नवल वाटलं.

"नको. मग माझ्याकडे खरं काही राहायचं नाही. एकवीस."

मी एकवीस लिहिले. माझं अक्षर तिरकं आलं.

निकाल लागला. दोन दिवसांनी दूध घालणाऱ्या बाईने दारात उभ्या उभ्या सांगितलं, "वनिताची सुपारी फोडनार हायेत, येत्या रविवारी. मुलगा वासिंदकडं गोडाऊनला हाय." आत्याने दुधाचं भांडं ओट्यावर ठेवलं. चष्मा लावला. छत्री घेतली.

"चल."

"डॉक्टरांनी उन्हात जायचं नाही म्हणून..."

"डॉक्टर मुरबाडात राहत नाहीत."

जीपने सरळगावच्या पुढे उतरलो आणि मोकळ्या खाचरांमधून, बांधांवरून चालत पाड्यावर गेलो. उन्हाने ढेकळं तापली होती. आत्या पुढे, मी तिचा दंड धरून. ती वाटेत पुटपुटत होती. मला वाटलं पाढे म्हणतेय. कान दिला तर ती वाक्यं जुळवत होती. "काळूराम, मी असं म्हणते की... काळूराम, तुमची हरकत नसेल तर..." पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आत्याला कुणाकडे काही मागता येत नाही. मी तिला उभ्या जन्मात कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं.

काळूराम अंगणात मांडवासाठी बांबू सोलत होता. बाई दिसल्यावर कोयता ठेवून उठला, खुर्ची आणली, टॉवेलने पुसली. पाणी आलं. दारात वनिता आणि तिची आई उभ्या राहिल्या. मुलगी हडकुळी, टपोऱ्या डोळ्यांची, आत्याकडे न बघणारी.

"बाई, एवढ्या उन्हाचं?" तो म्हणाला. "रविवारी बोलावनारच व्हतो तुमाला."

"काळूराम," आत्या म्हणाली आणि थांबली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला सापडेना. "तुम्ही घाई केलीत."

"घाई?" तो खरंच बुचकळ्यात पडला. "आमी तं निकालाची वाट बघून व्हतो. आमाला वाटलेलं, सदतीस येनार. पावन्यांना तसं सांगून पन ठेवलेलं, की औंदा काय जमनार नाय, बाई सोडनार नाय. मंग एकवीस आला. आमी म्हनलं, चला, बाईंनीच हात काडला."

आत्याच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तसाच राहिला. "सदतीस येणार म्हणजे?"

"म्हंजे आता..." तो ओशाळून हसला. "समद्यांना म्हाईत हाय बाई. माझ्या भैनीला सदतीस, भावजयला सदतीस. सदतीस आला म्हंजे बाई सांगतात, एक वरीस थांब. मंग सोयरीक पुडल्या वरसावर टाकायची. जुनी मानसं पन तसंच करीत आली. तुमचा शबुद कोन मोडील?"

"तुम्हाला ते मार्क खरे वाटत नव्हते?"

"कसे वाटतील? पोरगी माझी. दुकानात धाडली तं सुटं पैसं कधी बरोबर आनीत नाय. तिला सदतीस पडतील, हे खुळं पन मानायचा नाय."

मी आत्यामुळे लहानपणापासून हादरत आले होते. आत्याला हादरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लालसर होता, तो उन्हात मिटत होता, आणि ती एकदा काळूरामकडे, एकदा दारातल्या बाईकडे बघत होती, जणू इतकी वर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवलं आणि आज वळून बघितलं तर वर्ग भरलेला. तिने तो आकडा किती जपून निवडला होता. कुणाचा हात दिसू नये म्हणून. आणि त्यात सगळ्यांना तिचाच हात दिसत होता.

"मी हात काढला नाही," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "या वेळी खरा आकडा लिहावा लागला, एवढंच."

"मंग आमाला कसं समजायचं?" काळूराम म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "आता तुमीच सांगा. पावनं रविवारी येनार. थांबवू का?"

असा सरळ प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ती म्हणाली, "थांबवा."

"त्यांना काय सांगू? पोरगी तं नापास."

"सांगा, पुन्हा नववीत बसणार आहे."

"हितं कोन नापास पोरीला परत बसवतो बाई? पास झालेली बसवायची मारामार. आनि पाड्यावरनं रोज जायचं यायचं, घरचं काम सोडून, त्याच वर्गात. चार म्हैन्यात कंटाळंल."

दारातून वनिताची आई पुढे आली. इतका वेळ ती मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. "मला पन सदतीसच व्हते बाई," ती म्हणाली. "तुमच्या ध्यानात नसंल. मी मधल्या बाकावर बसायची. मला एक वरीस मिळालं. त्या वरसात मी सायकल शिकले." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "हिला दोन मिळू द्या."

काळूराम बांबूकडे बघत राहिला. आत्या उठली. माझा हात तिने सोडला होता.

"ती माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "मुरबाडात. मी शिकवीन तिला. त्रिकोणापासून."

"तुमाला तरास, बाई. परकी पोर, जड व्हईल."

"मला कशाने जड होईल?" आत्या म्हणाली. "घरात आहे कोण दुसरं?"

हे तिने असं सहज म्हटलं की पुढचा श्वास घेईपर्यंत कुणाला ते लागलंच नाही. मग वनिताची आई खाली बघायला लागली. काळूरामने सोललेले बांबू पायाने एकीकडे सारले. "पावन्यांना मी सांगतो," तो म्हणाला. "सांगतो की बाईंनी मागून घेतली वरसभर." आणि वनिताला म्हणाला, "गो, बाईंना च्या ठेव. का ते पन आकृतीत दिसतंय?"

त्याने पेपर वाचला होता, किंवा वनितानेच सांगितलं असेल. ती पहिल्यांदा हसली आणि आत पळाली.

ठरलं असं की वनिता शाळा सुरू व्हायच्या आधी येईल, आपलं अंथरूण घेऊन. आम्ही ऊन उतरल्यावर निघालो. परतीच्या जीपमध्ये आत्या खिडकीशी बसली होती, चष्मा लावून, छत्री दोन गुडघ्यांत धरून. मी वाट बघत होते, की ती काहीतरी म्हणेल. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, यावर काहीतरी. तिने माझ्याकडे वळून, जीपमधल्या कुणाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात विचारलं,

"मनीषा, इतके दिवस तू आपल्याला भात किती टाकत होतीस गं?"

"का? कमी पडला?"

"नाही. पडला नाही." ती जरा अवघडली. "तुझ्या बाबांच्या लग्नाआधी घरी असताना मी बारा माणसांचा टाकलाय. मग एकटीचा टाकत आले. दोघींचा मी कधी टाकला नाही."

"एकटीचा किती टाकतेस? त्याच्या दुप्पट कर."

"दुप्पट नसतं गं तसं," आत्या म्हणाली. "वाढत्या वयाची आहे ती."